डिस्टिलरीचं तोंड समुद्राकडे का असतं?

स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयला नावाचं बेट आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्याजवळून शिडाची बोट जाऊ लागली, की खडकांच्या आडून एकापाठोपाठ एक पांढऱ्या भिंती दिसू लागतात. प्रत्येक भिंतीवर लांबूनही वाचता येईल एवढ्या मोठ्या काळ्या अक्षरांत नाव रंगवलेलं असतं: आर्डबेग, लागावूलिन, लाफ्रॉइग. ही अक्षरं रस्त्यावरून येणाऱ्यांसाठी नाहीत, ती समुद्राकडे तोंड करून आहेत. गाडीनं येणारा माणूस या डिस्टिलऱ्यांच्या, म्हणजे व्हिस्की गाळण्याच्या कारखान्यांच्या, मागच्या दारानं आत शिरतो. पुढचं दार पाण्याच्या बाजूला आहे.

शिडाच्या बोटीतून बेटाबेटांवर हिंडायचं आणि वाटेत व्हिस्कीच्या डिस्टिलऱ्या पाहायच्या, अशा सुट्ट्या आता बऱ्याच जण घेतात. ऐकताना वाटतं, दोन वेगळ्या हौशी एका पॅकेजात बांधल्या आहेत. माझं म्हणणं उलट आहे. या किनाऱ्यावरची व्हिस्की समुद्रामुळेच जन्माला आली आणि समुद्रावरूनच जगभर गेली. म्हणून ही सफर नीट कळायची असेल तर आधी पाणी समजून घ्यावं आणि मग पेला.

रस्ता नव्हता, समुद्र होता

आर्डबेग आणि लाफ्रॉइगच्या स्थापनेचं वर्ष 1815 सांगतात, लागावूलिनचं 1816. पण या भागात दारू गाळणं त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं, ते चोरून. कर जबर होता आणि खाचाखोचांचा किनारा लपायला सोयीचा. 1823 साली ब्रिटिश संसदेनं कायदा बदलला. वर्षाला 10 पौंड परवाना शुल्क आणि परवडेल असा कर भरून उघडपणे धंदा करता येऊ लागला. चोरवाटेनं चाललेलं काम हळूहळू कारखान्यात आलं.

पण कारखाना चालवायचा तर सातू हवा, कोळसा हवा, रिकामी पिंपं हवीत आणि भरलेली पिंपं ग्लासगोच्या बाजारात पोचायला हवीत. बेटावर हे सगळं येणार-जाणार बोटीनंच. म्हणून डिस्टिलरीची जागा निवडताना दोन गोष्टी पाहिल्या गेल्या: डोंगरातून बारमाही वाहत येणारा ओढा आणि बोट लागेल असं आडोशाचं पाणी. पुढे ‘पफर’ नावाच्या छोट्या, सपाट बुडाच्या वाफेच्या बोटी आल्या. त्या ओहोटीला सरळ वाळूवर बसायच्या, माल उतरवायच्या आणि भरती आली की निघायच्या. आयलावरच्या कित्येक डिस्टिलऱ्यांचं पोट या बोटींवर चालायचं.

लागावूलिनची खाडी तर त्याहून जुनी. तिच्या तोंडाशी डनीव्हेग किल्ल्याचे अवशेष उभे आहेत. मध्ययुगात या सगळ्या बेटांवर ज्यांची सत्ता होती, त्या ‘लॉर्ड्स ऑफ द आइल्स’चं आरमार इथे असायचं. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग पाहिलेल्या माणसाला इथला हिशोब वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तोंड अरुंद, वाटेत खडक आणि आत शांत पाणी. शत्रूच्या जहाजांना अवघड असलेली जागा पुढे पिंपांच्या बोटींना सोयीची ठरली.

समुद्रानं दिलं ते नंतर काही ठिकाणी निसटलंही. किंटायर द्वीपकल्पाच्या टोकाला कॅम्पबेलटाउन आहे. एकोणिसाव्या शतकात त्या एकट्या गावात 30 हून जास्त डिस्टिलऱ्या होत्या. मग ईशान्येकडच्या स्पेसाइड भागात रेल्वे पोचली. वेगवेगळ्या व्हिस्की मिसळून, म्हणजे ब्लेंड करून, विकणाऱ्या व्यापाऱ्यांना तिथली हलकी व्हिस्की जास्त मानवू लागली, आणि त्यातच अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी आली. जुन्यांपैकी स्प्रिंगबँक आणि ग्लेन स्कोशिया टिकल्या, तर ग्लेनगाइल 2004 मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या गावात हिंडताना बंद पडलेल्या डिस्टिलऱ्यांच्या इमारती अजून ओळखता येतात. आयलाइतकी गर्दी तिथे नसते, पण हा इतिहास समजून घ्यायचा असेल तर ते गाव चुकवू नये.

पाणी कसं वागतं

या सफरीचं वेळापत्रक डिस्टिलरीच्या टूरवर ठरत नाही, ते भरती-ओहोटीवर ठरतं. हा भाग कोरडा वाटेल, पण सगळी मजा आणि सगळा धोका इथेच आहे.

दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, साधारण सव्वासहा तासांनी पालट. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, तर अष्टमीच्या आसपास भांग. कोकणात हे लहान मुलालाही ठाऊक असतं. मुंबईत पावसाळ्यात ‘साडेचार मीटरची भरती’ अशी बातमी येते तेव्हा आपण पाण्याच्या उंचीबद्दल बोलत असतो. स्कॉटलंडच्या या पट्ट्यात मात्र उंचीपेक्षा वाहण्याला महत्त्व जास्त. ओबन बंदरात उधाणाला पाणी तीन मीटरच्या वर चढतं-उतरतं. तिथून दक्षिणेला, आयलाच्या पोर्ट एलन बंदरात, हाच फरक एक मीटरपेक्षाही कमी असतो. अटलांटिकमधून येणारी भरतीची लाट बेटांना वळसे घालत अशा रीतीनं फिरते की आयलाच्या दक्षिणेला तिची उंची जवळजवळ नाहीशी होते.

याचा परिणाम असा, की थोड्याच अंतरावरच्या दोन ठिकाणी एकाच वेळी पाण्याची पातळी वेगळी असते. वरच्या पातळीचं पाणी खालच्या पातळीकडे धावतं, आणि वाटेत बेटांमधल्या चिंचोळ्या फटी असतात. फट जितकी अरुंद तितका वेग जास्त. आयला आणि जुरा या बेटांमधल्या सामुद्रधुनीत उधाणाला हा वेग 5 नॉटच्या घरात जातो (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, सुमारे 1.85 किलोमीटर). उत्तरेकडची लुइंगची सामुद्रधुनी आणि क्रिनानजवळची डोरस मोर ही फट यांत तो 7-8 नॉटपर्यंत चढतो.

आता भाड्यानं मिळणारी साधारण 11-12 मीटर लांबीची शिडाची बोट घ्या. बरा वारा असला किंवा इंजिन लावलं तर ती साडेपाच-सहा नॉटनं जाते. सात नॉटच्या प्रवाहाविरुद्ध ती पुढे जाणारच नाही, नाक पुढे ठेवून मागे सरकेल. तोच प्रवाह पाठीशी घेतला तर किनारा 12 नॉटनं मागे पळतो. म्हणून जाणता कप्तान आदल्या रात्री भरतीचं कोष्टक उघडतो आणि सकाळी कधी नांगर उचलायचा हे ठरवतो. पहाटे चारला उठायचं असेल तर पहाटे चारला. जूनमध्ये तिथे दिवस साडेसतरा तासांचा असतो, त्यामुळे त्या वेळी उजाडू लागलेलंही असतं.

वाऱ्याचा हिशोब यात मिसळला की चित्र पुन्हा बदलतं. वारा आणि प्रवाह एकाच दिशेला असतील तर पाणी सपाट राहतं. समोरासमोर आले तर लाटा उंच, उभ्या आणि जवळजवळ होतात. तोच वारा, तीच जागा, पण सहा तासांच्या फरकानं एक वाट सुखाची आणि एक वाट जिवावरची.

याचं टोकाचं रूप जुरा आणि स्कार्बा बेटांमध्ये आहे, कोरीव्रेकनचा भोवरा. जगातल्या सगळ्यांत मोठ्या भोवऱ्यांमध्ये त्याची गणना होते. तळाशी खडकाचा एक सुळका खोल पाण्यातून वर येत पृष्ठभागाखाली 29 मीटरपर्यंत पोचतो. भरतीचं पाणी पश्चिमेकडे साडेआठ नॉटपर्यंतच्या वेगानं धावतं, या सुळक्यावर आपटतं, वर उसळतं आणि गरगरतं. त्याच वेळी अटलांटिकवरून पश्चिमेचा वारा आणि लाटा समोरून आल्या तर तिथे पाण्याच्या भिंती उभ्या राहतात. ऑगस्ट 1947 मध्ये लेखक जॉर्ज ऑर्वेल लहान बोटीतून इथून जात असताना मुलांसह बुडता बुडता वाचला. तेव्हा तो जुराच्या उत्तर टोकाला बार्नहिल नावाच्या एकाकी घरात राहत होता. भांगाच्या दिवशी, वारा पडलेला असताना, प्रवाह पालटण्याच्या थोड्या वेळात अनुभवी लोक यातून पार जातात. पहिल्यांदा जाणाऱ्यानं तो स्कार्बाच्या डोंगरावरून पाहावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक वाट

सात-आठ दिवस हाताशी असतील तर ओबनहून निघून ओबनलाच परतणारा फेरा मला सगळ्यांत भरगच्च वाटतो. ओबनची डिस्टिलरी 1794 ची. ती गावाच्या ऐन मध्यात, धक्क्यापासून काही पावलांवर आहे. गाव तिच्या भोवती वाढलं.

ओहोटीच्या प्रवाहाबरोबर दक्षिणेला लुइंगची सामुद्रधुनी ओलांडून पहिला मुक्काम क्रिनानला. 1801 मध्ये सुरू झालेला क्रिनान कालवा इथे समुद्राला मिळतो. 9 मैल लांब, पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणाऱ्या 15 लॉकचा. ग्लासगोकडच्या क्लाइड खाडीच्या बाजूनं येणाऱ्या बोटींचा किंटायरभोवतीचा लांबलचक वळसा त्यानं वाचतो.

पुढे जुराची सामुद्रधुनी उतरत क्रेगहाउस. जुरा बेटावर माणसं जेमतेम दोनशे आणि हरणं काही हजार. एक रस्ता, एक दुकान, एक हॉटेल, एक डिस्टिलरी. मागे ‘पॅप्स’ नावाचे तीन शंकूसारखे डोंगर, त्यांतला सर्वांत उंच 785 मीटरचा. बोट पाण्यात तरंगणाऱ्या बोयाला बांधून डिंगीनं, म्हणजे छोट्या होडीनं, किनाऱ्यावर उतरलं की डिस्टिलरी समोरच. 2007 ते 2014 या काळात ही डिस्टिलरी भारतीय मालकीची होती. युनायटेड स्पिरिट्सनं व्हाइट अँड मॅके ही कंपनी विकत घेतली, तिच्यासोबत जुराही आली.

तिथून पोर्ट एलन. इथल्या छोट्या मरीनात बोट लावून दोन रात्री राहावं. गावातून आर्डबेगपर्यंत साधारण 5 किलोमीटरची पायवाट आहे, वाटेत क्रमानं लाफ्रॉइग, लागावूलिन आणि आर्डबेग लागतात. गाडी नको, त्यामुळे कुणी प्यावं आणि कुणी नाही हा वादही नको. गावातली पोर्ट एलन डिस्टिलरी 1983 मध्ये बंद पडली होती, ती 2024 मध्ये पुन्हा सुरू झाली. बोमोरला मात्र बोटीनं जाण्याचा हट्ट धरू नये. तिथली लॉख इंडाल ही खाडी उथळ आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्याला उघडी आहे. पोर्ट एलनहून बस जाते. 1779 ची ही आयलावरची सर्वांत जुनी डिस्टिलरी, आणि तिच्या गोदामाच्या भिंतीला थेट समुद्र लागतो.

मग आयला आणि जुरामधून, प्रवाह पाठीशी घेऊन, उत्तरेला. डाव्या हाताला कल-ईला डिस्टिलरी दिसते. तिच्या भट्टीघराची पाण्याकडची भिंत जवळजवळ सगळी काचेची आहे. तांब्याच्या मोठमोठ्या स्टिल, म्हणजे दारू गाळायची भांडी, आतून चमकत असतात आणि आत काम करणाऱ्या माणसाच्या नजरेसमोर दिवसभर सामुद्रधुनी आणि पॅप्स असतात. पुढे आर्डनाहो आणि बुनाहावन या डिस्टिलऱ्या. सामुद्रधुनीतून बाहेर पडलं की कोलोन्से बेट, मग आयोना बेट. सन 563 मध्ये आयर्लंडहून आलेल्या संत कोलंबानं इथे मठ स्थापन केला.

आयोनाच्या उत्तरेला स्टाफा नावाचं चिमुकलं बेट आहे. षटकोनी खांबांचा काळा बेसॉल्ट आणि त्यात समुद्रानं कोरलेली फिंगल्स केव्ह. सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा खडक. अंधेरीची गिल्बर्ट हिल ज्यांनी पाहिली आहे त्यांना या खांबांची ठेवण लगेच ओळखू येईल. थंड होताना आकसणारा लाव्हा तिथेही असाच भेगाळला. संगीतकार मेंडेल्सन इथे 1829 मध्ये आला आणि पुढे त्यानं या गुहेवरून ‘हेब्रिडीज’ ही संगीतरचना केली. लाटांचा आवाज आत घुमतो तेव्हा त्याला काय ऐकू आलं असेल ते कळतं.

शेवटी टोबरमोरी. बंदराभोवती लाल, पिवळ्या, निळ्या घरांची रांग आणि रांगेच्या टोकाला 1798 ची डिस्टिलरी. तिथून मल बेटालगतची सामुद्रधुनी उतरत ओबन. दोन आठवडे असतील तर आर्डनामरकनचं टोक ओलांडून स्काय बेटाला, लॉख हारपोर्टमध्ये, टॅलिस्कर डिस्टिलरीच्या समोर नांगर टाकता येतो. ते टोक ओलांडून आलेल्या बोटीनं नाकाशी हेदर या रानझुडपाची डहाळी बांधायची अशी जुनी रीत आहे.

आत काय चालतं

सातू पाण्यात भिजवायचा, मोड येऊ द्यायचे, मग गरम हवेनं सुकवून मोड थांबवायचे. हा झाला माल्ट. आयलावर झाडं कमी आणि कोळसा बाहेरून आणावा लागे, पण शतकानुशतकं दलदलीत साचून घट्ट झालेली वनस्पतींची माती, म्हणजे पीट, हवी तेवढी होती. ती वाळवून जाळली की दाट धूर येतो, आणि तो ओल्या माल्टला चिकटतो. चुलीवर तापवलेल्या दुधाला धुराचा वास येतो, तसंच. या धुरातल्या फिनॉल नावाच्या रसायनांमुळे आयलाच्या व्हिस्कीला तो औषधी, आयोडिनसारखा, काहींना अजिबात न आवडणारा वास येतो.

फिनॉलचं प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग, असं सांगतात. लागावूलिनच्या माल्टमध्ये सुमारे 35, आर्डबेगच्या सुमारे 55, बुनाहावनमध्ये बहुतेक वेळा जवळपास काहीच नाही. इथे एक गैरसमज सर्रास दिसतो. हे आकडे माल्टचे आहेत, पेल्यातले नाहीत. लागावूलिन आणि कल-ईला दोघींचा माल्ट पोर्ट एलनच्या एकाच माल्टघरातून, साधारण सारख्याच पीपीएमचा येतो, तरी चव वेगळी. माल्ट दळून गरम पाण्यात उतरवलेलं गोड पाणी यीस्टनं दोन-तीन दिवस आंबतं, त्याची सुमारे 8 टक्क्यांची ‘वॉश’ होते, ती तांब्याच्या स्टिलमधून दोनदा गाळतात. कल-ईलाच्या स्टिल मोठ्या आणि कमी भरलेल्या असतात. वाफेला तांब्याशी जास्त वेळ मिळतो, जड अंश गळतात, दारू हलकी होते. लागावूलिनमध्ये स्टिल काठोकाठ भरतात आणि अगदी संथ चालवतात. शिवाय धुराचे अंश दुसऱ्या गाळपात उशिरा येतात, म्हणून मधला भाग कधी तोडायचा यावर बरंच ठरतं. टूरमध्ये मार्गदर्शकाला एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा ‘कट’ विचारा. उत्तर रंगतं.

त्यानंतर ओकची पिंपं. कायद्यानं स्कॉच म्हणायचं तर स्कॉटलंडमध्येच, 700 लिटरहून मोठं नसलेल्या ओकच्या पिंपात किमान 3 वर्षं, आणि बाटलीत किमान 40 टक्के अल्कोहोल. दरवर्षी साधारण 2 टक्के दारू पिंपातून उडून जाते. किनाऱ्यावरच्या गोदामांत खारी हवा पिंपात शिरते म्हणून चव खारट होते, असं आवडीनं सांगितलं जातं. मला हे पटत नाही. कल-ईलाची बहुतेक दारू टँकरनं मुख्य भूमीवर नेऊन तिथे मुरवतात, आणि तरीही ती प्यायल्यावर लोकांना समुद्र आठवतो. तो समुद्र पीटमधून येतो.

सुकाणू आणि पेला

स्वतः बोट चालवायला ब्रिटनमध्ये खाजगी बोटीसाठी सरकारी परवाना लागत नाही. पण बोट भाड्यानं देणारे अनुभव आणि प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं पाहतात, आणि वर सांगितलेलं पाणी पाहता ते योग्यच आहे. भारतातून जाणाऱ्यानं कप्तानासह बोट घ्यावी किंवा मोठ्या बोटीत एक केबिन घ्यावी. शिडं ओढायला, सुकाणू धरायला तिथेही मिळतं.

नियम एकच आणि तो तोडू नये. बोट बांधून झाल्यावर प्यायचं, आणि डिंगीनं अंधारात परतायचं असेल तर तेव्हाही बेतानंच. ऑगस्टमध्येसुद्धा पाणी 13-14 अंश सेल्सिअस असतं, त्यात पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांत काम करेनासे होतात. लाइफजॅकेट डिंगीतही घालावं. ज्याला गाडी किंवा बोट चालवायची आहे त्याचा वाटा डिस्टिलऱ्या छोट्या बाटलीत भरून देतात, न लाजता मागावा. स्कॉटलंडमध्ये गाडी चालवण्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम आहे, उरलेल्या ब्रिटनपेक्षा कडक.

मे आणि जूनचे पहिले आठवडे मला सर्वांत बरे वाटतात. उजेड भरपूर, पाऊस तुलनेनं कमी आणि ‘मिज’ नावाची चावरी चिलटं अजून पुरती उठलेली नसतात. मेच्या अखेरीला आयलावर संगीत आणि माल्टचा ‘फेश ईला’ उत्सव भरतो. तेव्हा जायचं असेल तर बोटीची जागा फार आधी पाहावी लागते. टूर आधी राखून ठेवा, पण प्रत्येक दोन टूरमध्ये एक मोकळा दिवस सोडा, कारण दक्षिणेचा जोराचा वारा सुटला तर बोट बंदरातच राहणार.

बाटली घेताना, डिस्टिलरीबाहेर न मिळणारी घ्या. भारतात माणशी 2 लिटर दारू करमुक्त आणता येते. भारत हा बाटल्यांच्या संख्येनं स्कॉचचा अतिशय मोठा ग्राहक आहे, 2022 मध्ये 21.9 कोटी बाटल्या इथे आल्या. जुलै 2025 च्या भारत-ब्रिटन व्यापार करारात 150 टक्के आयातशुल्क आधी 75 आणि मग दहा वर्षांत 40 टक्क्यांवर आणायचं ठरलं. त्यामुळे आपल्याकडच्या दुकानात सर्रास मिळणारी नावं तिथून वाहून आणण्यात दिवसेंदिवस कमी अर्थ राहील. त्या सुटकेसमधली जागा जुराच्या किंवा कॅम्पबेलटाउनच्या एखाद्या छोट्या खेपेसाठी ठेवावी. आणि घरी आल्यावर तिच्याशेजारी गोव्यात मुरलेली एखादी सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीतली माल्ट व्हिस्की, ओतून पाहावी. गोव्याच्या उष्ण हवेत पिंपातून उडून जाणारी दारू स्कॉटलंडच्या कितीतरी पट असते आणि लाकूडही भराभर उतरतं, त्यामुळे थोड्या वर्षांची दारूही गडद आणि गोडसर लागते.